पाठीवरचे पोते आणि केसपेपरवरची ओळ

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर उत्तम लेख येतात. ते यावेत आणि वाचलेही जावेत. यंदा मात्र मी वाचकांचे लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा विषय अस्थिरोग, न्यायवैद्यक आणि सामाजिक वैद्यक अशा तीन प्रकरणांत विखुरलेला आहे, आणि म्हणूनच बहुधा तो पुरतेपणी कुणाच्याच वाट्याला येत नाही. रेल्वेच्या मालधक्क्यावर डबे भरणाऱ्या व उतरवणाऱ्या हमालांना होणारे अपघात, आणि अपघातानंतर त्यांच्या पदरात पडणारे, अथवा न पडणारे, हक्क, असा हा विषय आहे.

उचगावात राहून मी हा विषय का काढावा, असे कोणी विचारील. आमच्या गावाला रेल्वे नाही. मळेकरणी देवीचे हे गाव बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावरचे. भात, बटाटा आणि रताळी ही इथली पिके. पण भाताची सुगी आटोपली, की उचगाव, तुरमुरी, बेकिनकेरे, अतिवाड या गावांतले आणि सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातले अनेक कष्टकरी हात बेळगावच्या बाजारपेठेकडे वळतात. कोणी भाजी मार्केटात, कोणी गोदामात, तर कोणी मालधक्क्यावर. हातपाय धड असतात तोवर त्यांची आणि आपली गाठ पडत नाही. गाठ पडते ती बोट चेंगरल्यावर, टाच मोडल्यावर, कंबर धरल्यावर. इतक्या वर्षांच्या व्यवसायात मी अशा जखमा पुष्कळ पाहिल्या. त्यातून एक गोष्ट माझ्या मनावर ठसली: जखम भरून येणे हे आपल्या औषधावर अवलंबून असते, पण त्या घराची चूल पेटती राहणे पुष्कळदा आपण कागदावर लिहिलेल्या एका ओळीवर अवलंबून असते.

मालधक्क्यावरचे गणित

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग बेळगावहून गेला आणि तेव्हापासून मालधक्का हा या भागाच्या अर्थव्यवहाराचा एक दरवाजा बनला. १९७१ नंतर पुण्याकडून मिरजेपर्यंत रुंद रूळ आले. मिरजेच्या दक्षिणेला मात्र मीटरगेजच राहिला. बेळगाव-लोंढ्याकडे जाणारा माल मिरजेस एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. १९९०च्या दशकात हा मार्गही रुंद झाला आणि मिरजेची ती चढउतार संपली. पण धक्क्यावरची संपली नाही. खत, सिमेंट, धान्य, साखर यांची पोती आजही माणसाच्या डोक्यावरून आणि पाठीवरूनच डब्यात जातात व डब्यातून बाहेर येतात.

या कामाचा आवाका समजून घ्यायचा तर थोडे गणित मांडावे लागते. मालगाडीच्या एका पूर्ण गाडीला ‘रेक’ म्हणतात. बंद डब्यांच्या रेकमध्ये चाळीसहून अधिक डबे असतात आणि एका डब्यात साठ टनांच्या आसपास माल मावतो. म्हणजे पन्नास किलोची बाराशे पोती. साऱ्या रेकचा हिशेब केला तर पोत्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात जाते. शंभर माणसे लावली तरी प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पाचशे पोती, म्हणजे पंचवीस टन वजन येते.

हे काम सावकाश करता आले असते तर निम्मे अपघात टळले असते. पण रेक धक्क्याला लागला की घड्याळ सुरू होते. रेल्वेने ठरवून दिलेल्या तासांत डबे रिकामे झाले नाहीत, तर दर डब्यामागे, दर तासाला दंड बसतो. त्याला ‘डेमरेज’ म्हणतात. हा दंड माल पाठवणाऱ्याच्या किंवा उतरवून घेणाऱ्याच्या खिशातून जातो. म्हणून तो हुंडेकऱ्याला घाई करतो, हुंडेकरी मुकादमाला आणि मुकादम टोळीला. घाईचा हा उतार थेट हमालाच्या पायापर्यंत येतो. रेक रात्री दोनला लागला तर काम रात्री दोनला सुरू होते. पाऊस असो वा धुके, मजुरी पोत्यावर मोजली जाते. थांबलेल्या माणसाला काहीच मिळत नाही.

जखमांची ओळख

माझ्यासमोर आलेल्या जखमांचे ढोबळमानाने काही प्रकार करता येतात. पहिला प्रकार डब्याच्या लोखंडी दाराचा. दार उघडताना किंवा लावताना बोटे सापडतात. अंगठा व तर्जनी यांचे नुकसान अधिक. बोट तुटून वेगळे झालेच, तर ते स्वच्छ ओल्या जाळीदार कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णाबरोबर पाठवावे. बोट थेट बर्फावर ठेवू नये. एवढी साधी माहितीही प्रत्येक टोळीपर्यंत पोचलेली नाही.

दुसरा प्रकार फळीचा. धक्का आणि डबा यांच्यामध्ये टाकलेली फळी पावसात किंवा सांडलेल्या खताने निसरडी होते. डोक्यावर पन्नास किलो घेऊन पडणारा माणूस नुसता पडत नाही. ओझे त्याच्या मागोमाग येते. टाचेचे हाड, मनगट आणि कण्याचा मणका, ही तिन्ही तपासल्याशिवाय अशा रुग्णाला घरी पाठवू नये. तिसरा प्रकार थप्पी कोसळण्याचा, ज्यात छाती आणि पोट चेंगरते. चौथा प्रकार डोळे व कातडीचा: सिमेंट ओले झाले की तीव्र अल्कली बनते आणि घामाने भिजलेल्या मानेवर, खांद्यावर, गुडघ्यांवर सावकाश भाजते. आरंभी दुखत नाही, म्हणून धुतले जात नाही, आणि संध्याकाळपर्यंत जखम खोल जाते. अशा वेळी भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुणे हाच पहिला उपाय.

याशिवाय शंटिंगच्या धक्क्याने आतला माणूस आपटणे, हा जुना धोका आहेच. त्यात एका नव्या धोक्याची भर पडली आहे. या मार्गाचे अलीकडे विद्युतीकरण झाले. वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो आणि तारेला हात लागण्याचीही गरज नसते; पुरेसे जवळ गेल्यास वीज हवेतून झेप घेते. ताडपत्री ओढण्यासाठी उघड्या डब्याच्या काठावर चढणाऱ्या तरुणाला हे कोणीतरी त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे.

शेवटचा प्रकार सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत कमी नोंदला जाणारा: मानेच्या व कंबरेच्या मणक्यांची झीज. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची शिफारस केलेली मर्यादा ५५ किलो होती. आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षे शंभर किलोचे पोते चालत असे. कंबरेची ही झीज कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत नाही. तिला अपघाताची तारीख नसते. परंतु ‘अमुक दिवशी, अमुक वाजता पोते उचलताना एकाएकी चमक भरली आणि पाय बधिर झाला’ अशी घटना असेल, तर ती कामावर झालेली इजा ठरू शकते. त्यासाठी ती तारीख आणि ती वेळ कुणीतरी त्याच दिवशी लिहून ठेवलेली असावी लागते. हे लिहिणारा आपल्याखेरीज दुसरा कोण असणार?

हक्काची जुनी मुळे

कामावर जायबंदी झालेल्या माणसाची जबाबदारी मालकाने घ्यावी, ही कल्पना परदेशातून आयात झाली, असा अनेकांचा समज असतो. तो पूर्णांशाने खरा नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन सरकारपुढे मागण्यांचा अर्ज ठेवला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आपण ऐकलेल्या आहेत. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: कामावर जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी.

या मागणीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९२३ साली, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अंमलात आला. त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य असे, की कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली, एवढे दाखवले की पुरे. दारूच्या अमलात असणे, सुरक्षेचा स्पष्ट नियम हेतुपुरस्सर मोडणे अशा काही सबबी मालकाला दिलेल्या आहेत. पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर त्याही चालत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला. भरपाईचे मूळ सूत्र मात्र तेच राहिले: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. संहितेने एक स्वागतार्ह भर घातली आहे. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आल्यास, आता कामावरचा मानला जातो. पहाटेच्या अंधारात दुचाकीवरून रेक गाठायला निघणाऱ्या आमच्या भागातल्या माणसांना ही तरतूद ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मालक कोण?

कायदा इतका स्पष्ट असेल, तर हमालाच्या हाती काही का पडत नाही? कारण पहिलाच प्रश्न अडतो: मालक कोण? डबा रेल्वेचा, धक्का रेल्वेचा, पण पूर्ण डब्यांच्या मालाची चढउतार हे सामान्यतः माल पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे काम. त्याने ते हुंडेकऱ्याला दिलेले, हुंडेकऱ्याने मुकादमाला. अपघात झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि ज्याचे बोट गेले तो मधे उभा राहतो. हमाल तिकीट काढलेला प्रवासी नसतो. त्यामुळे प्रवाशांसाठी असलेल्या रेल्वे दावा न्यायाधिकरणाचा मार्गही त्याचा नव्हे. त्याचा मार्ग भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. १९२३ च्या कायद्याने याच गुंत्यावर उपाय केला होता: आपल्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम कंत्राटदारामार्फत करून घेणाऱ्या मूळ मालकाकडूनच कामगाराला भरपाई मागता येते, ती रक्कम मूळ मालकाने कंत्राटदाराकडून नंतर वसूल करावी.

महाराष्ट्राने याच प्रश्नाचे अधिक मुळातून उत्तर शोधले. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत रेल्वे यार्ड व मालधक्क्यावरील चढउतारीच्या कामाचा, म्हणजे रेल्वेच्या नोकरीत नसलेल्या हमालांच्या कामाचा, स्पष्ट उल्लेख आहे. जिथे या कायद्याखाली मंडळ स्थापन झालेले आहे, तिथे नोंदलेल्या हमालाची मजुरी मंडळामार्फत जमा होते, मालकाकडून लेव्ही घेतली जाते, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांची सोय होते आणि अपघात झाल्यास भरपाईचा कायदा त्याला लागू होतो. ‘हा माणूस कोण?’ हा प्रश्नच उरत नाही. त्याचे नाव मंडळाच्या वहीत असते.

बेळगाव १९५६ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. साहजिकच महाराष्ट्राचा १९६९ चा कायदा इकडे लागू नाही. रूळ तेच, पोते तेच आणि पुष्कळदा घरही तेच. दोन भावांपैकी एक मिरजेच्या बाजूला हमाली करतो व दुसरा इकडे, आणि दोघांच्या हक्कांच्या मागे उभे असलेले कागद निराळे. कर्नाटकातही असंघटित कामगारांसाठी सामाजिक सुरक्षा मंडळ आहे. त्याच्या आंबेडकर सहाय हस्त योजनेत हमालांचा समावेश असून अपघाती मृत्यू, अपंगत्व व रुग्णालयीन खर्चासाठी मदतीची तरतूद केलेली आहे. वर्षाला २० रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला २ लाख आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा गमावल्यास १ लाख रुपये देते. या योजना उपयुक्त आहेत, पण त्या मदती आहेत. भरपाई हा हक्क आहे, आणि मदत घेतल्याने तो हक्क संपत नाही.

आपल्या लेखणीची किंमत

आता मी माझ्या व्यवसायबंधूंकडे वळतो. काही वर्षांपूर्वी चाळिशीतला एक गृहस्थ ड्रेसिंगसाठी माझ्याकडे आला. अपघाताला नऊ दिवस झाले होते. एका मालधक्क्यावर डब्याच्या दारात सापडून उजव्या हाताचा अंगठा गेला होता. शहरातील ज्या रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, तिथले काम उत्तम होते. टाके सुबक होते. पण केसपेपरवर पहिली ओळ होती: ‘घरी पडून दुखापत.’ मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “डॉक्टर, मुकादमानंच तसं सांगायला लावलं. नाहीतर पोलिसांची भानगड होईल, दवाखान्यात घेणार नाहीत, म्हणाला.” 

मी माझ्या कागदावर त्या दिवसाची तारीख घालून त्याने सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत लिहिली आणि त्याची सही घेतली. पुढे त्याच्या दोन सोबत्यांनी जबाब दिले, त्या दिवशी तिथे रेक लागल्याची नोंद निघाली, आणि दोन वर्षांहून अधिक काळाने निकाल त्याच्या बाजूने लागला. तोवर घरची म्हैस विकली गेली होती आणि थोरल्या मुलाने शाळा सोडली होती. पहिल्या दिवशी एक ओळ खरी लिहिली गेली असती, तर त्या दोन वर्षांतील निम्मी तरी वाचली असती.

अपघातग्रस्ताला पोलिसी सोपस्कारांसाठी न थांबता उपचार दिलेच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच, परमानंद कटारा खटल्यात, सांगितले आहे. तेव्हा ‘दवाखान्यात घेणार नाहीत’ ही भीती निराधार आहे. ती दूर करणे आपल्याच हाती आहे. काही डॉक्टरांना धास्ती वाटते, की हकीकत लिहिली तर कोर्टाच्या फेऱ्या पदरी येतील. परंतु आपण निवाडा देत नाही. ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ एवढे दोन शब्द लिहून त्याने सांगितलेले स्थळ, वेळ व काम नोंदवणे, यात आपली कोणतीही बाजू नसते. दारूचा वास येत असेल तर तेही लिहावे, आणि येत नसेल तर ‘वास नाही’ असेही लिहावे. सत्य दोन्ही बाजूंनी लिहिलेले असले, की ते टिकते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही इजांची टक्केवारी ठरवून दिलेली होती: अंगठा गेल्यास ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेल्यास ५०, पंजा गेल्यास ६०. पण मणका दबला, खांदा उचलेनासा झाला, टाच जुळूनही चालताना कळ राहिली, अशा इजा यादीत नसतात. त्यांच्यासाठी कमाईची क्षमता किती घटली, हे पात्र डॉक्टरने ठरवावे, अशी कायद्याची भाषा आहे. म्हणजे गुणाकारातील एक आकडा थेट आपल्या लेखणीतून उतरतो.

त्या आकड्याची किंमत पाहा. ३ जानेवारी २०२० पासून या कायद्याखाली हिशेबात धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा १५,००० रुपये झाली. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७ आहे. पंधरा हजारांचे साठ टक्के म्हणजे ९,०००. त्याला गुणकाने गुणले की १६,५७,५३० रुपये होतात. आपण कमाईची क्षमता १० टक्के घटली असे लिहिले तर त्याच्या हाती १,६५,७५३ रुपये येतील; ३० टक्के लिहिले तर ४,९७,२५९; आणि तो पुन्हा हमाली करूच शकणार नाही असे सिद्ध झाले तर पूर्ण रक्कम. आपण टक्का लिहितो तेव्हा आपल्याला सांध्याची हालचाल दिसत असते. त्याच्या घरी ती वर्षे असतात.

शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इथे विसरता कामा नये. १९६८ सालच्या एका अपघातात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व संपूर्णच धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव खटल्यात मान्य केले. हा निकाल १९७६ च्या निकालपत्रांत छापलेला आहे. मोटार अपघातांच्या संदर्भात २०१० च्या राज कुमार खटल्यातही न्यायालयाने हाच भेद विस्ताराने समजावला. कारकुनाच्या कंबरेतील दहा टक्के आणि हमालाच्या कंबरेतील दहा टक्के हे सारखे नव्हेत. म्हणून प्रमाणपत्रात केवळ टक्का न लिहिता ‘हा माणूस पन्नास किलो ओझे उचलू शकतो काय, फळीवरून चालू शकतो काय, वाकून थप्पी लावू शकतो काय’ याचे उत्तर एकेका वाक्यात द्यावे. टक्का विसंगत वाटला तरी ही वाक्ये निर्णय घेणाऱ्याला वाट दाखवतात.

तिसरी बाब ‘फिट’ प्रमाणपत्राची. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम देण्याची तरतूद १९२३ च्या कायद्यात होती, कमाल पाच वर्षांपर्यंत. आपण ‘कामास योग्य’ लिहिले की ती रक्कम थांबते. हलक्या कामास योग्य आणि हमालीस योग्य यांतील अंतर म्हणूनच स्पष्ट लिहिले पाहिजे. दुसरीकडे, बऱ्या झालेल्याला विनाकारण रजेवर ठेवणेही योग्य नाही. त्याने प्रामाणिक रुग्णांवरचा विश्वास उडतो.

या संदर्भात एका डॉक्टरचे स्मरण करणे उचित ठरेल. पुण्यातील डॉ. बाबा आढाव हे आयुर्वेदाचे पदवीधर. वैद्यकी करता करता ते हमालांच्या संघटनेकडे वळले, १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली, आणि पुढे कष्टकऱ्यांना स्वस्त जेवण देणारी ‘कष्टाची भाकर’ही. पोत्याचे वजन कमी व्हावे, हा त्यांच्या चळवळीचा एक आग्रह होता. दुखऱ्या पाठीवर मलम लावण्यापेक्षा पाठीवरचे पोते हलके करणे हाही उपचारच आहे, हे त्यांच्या कार्यातून शिकण्यासारखे आहे. आपण सर्वांनी दवाखाना सोडून चळवळीत उतरावे, असे मी म्हणत नाही. दवाखान्यात बसूनही करण्याजोगे पुष्कळ आहे.

वाचक बंधु-भगिनींसाठी

ही स्मरणिका डॉक्टरांखेरीज गावातील अनेक घरांत जाते. म्हणून काही गोष्टी सोप्या शब्दांत सांगतो. कामावर इजा झाली तर दवाखान्यात पहिल्याच वेळी खरी जागा आणि खरी वेळ सांगा. केसपेपर, एक्स-रे, औषधांची बिले जपून ठेवा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मागता येतो. त्या दिवशी सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे, मुकादमाचे नाव आणि कोणाचा माल होता ते लिहून ठेवा. मालकाला लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा. जुन्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती. पण मुदतीची वाट पाहू नका, पुरावा आठवड्यांतच विरतो.

‘आपसात मिटवू’ म्हणून पाच-दहा हजार रुपये देऊन कागदावर अंगठा घेण्याची रीत आहे. तो कागद पुष्कळदा अशा भाषेत असतो, जी अंगठा देणाऱ्याला वाचता येत नाही. कायद्याने मिळणारा हक्क अशा खासगी कागदाने सोडून देता येत नाही, हे लक्षात ठेवा, आणि न वाचलेल्या कागदावर सही करू नका. देय रक्कम महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड बसू शकतो. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने कामगाराला तिथे मोफत साहाय्य मिळण्याची तरतूद केलेली आहे.

एक सूचना

शेवटी आपल्या संस्थेपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. आपल्या सर्व सभासदांसाठी एकसारखा रबरी शिक्का करून घ्यावा. त्यावर पाच जागा मोकळ्या असाव्यात: इजा कुठे झाली, केव्हा झाली, काय करताना झाली, कोणाच्या कामावर झाली, रुग्णाला कोणी आणले. हात-पाय-कण्याची इजा घेऊन आलेल्या प्रत्येक कष्टकऱ्याच्या केसपेपरवर तो उमटावा आणि पाचही जागा भरल्याखेरीज कागद पुढे जाऊ नये. याला दोन मिनिटे लागतात आणि खर्च शाईपुरता. त्याचबरोबर महिन्यातून एका रविवारी कानडी वा इंग्रजी कागद मराठीत समजावून सांगण्यासाठी एखाद्या स्थानिक वकिलाला आपल्या सभागृहात बोलवावे. असंघटित कामगारांच्या योजनेत नाव नोंदवण्याचे अर्जही त्याच दिवशी भरून घेता येतील.

१८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांनी जे मागितले, ते कायद्याच्या पुस्तकात येऊन शंभर वर्षे उलटली. पुस्तकातून ते आमच्या उचगाव-तुरमुरीच्या घरापर्यंत यायचे असेल, तर वाटेत आपला दवाखाना लागतो. तिथे ते अडू नये, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.